तोंड फिरवलेला एडका

गिल्गियान श्पोररच्या घरी काहीतरी शिजतंय, हे एल्सीनं सांगायच्या आधीच मला कळलं होतं. घरं आमची समोरासमोर. मध्ये दगडी गल्ली आणि पाण्याचा हौद, एवढंच अंतर. शहराचा कारकून हा गिल्गियानचा मेहुणा. पूर्वी तो रविवारी जेवायला यायचा, जेवून जायचा. आता मधल्या वारीही यायला लागला, आणि येताना झग्याखाली काहीतरी चपटं धरून यायला लागला. बहिणीकडे माणूस हात हलवत जातो. फार तर एखादं चीज नेतो. चीज चपटं नसतं.

मला लोक संशयी म्हणतात. म्हणू देत. नवरा गेल्यावर कातडी कमावायचा कारखाना मी चालवला, पोरगं वाढवलं, आणि या शहरात ज्या बाया भोळ्या राहिल्या त्यांचं काय झालं तेही डोळ्यांनी पाहिलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तसलं माझ्या घरात चालणार नव्हतं.

त्यात ते साल निवडीचं. ईस्टरच्या सोमवारी नगरसभेची नवी माणसं निवडतात. माझा नवरा थ्यूरिंग ज्या बाकावर बसायचा त्या बाकावर माझा बेंडिख्ट बसावा, एवढी एकच इच्छा माझ्या पोटात होती. कातडीवाल्यांच्या घरात सभेचा मान आला तो थ्यूरिंगमुळे. ड्यूकशी झालेल्या ओढ्याच्या लढाईत सगळं हरलो, पण शहराचा झेंडा थ्यूरिंगनं वाचवून आणला. त्यावर सभेनं त्याला बाक दिला आणि ढाल, म्हणजे घराण्याचं चिन्ह दिलं: निळ्यावर पांढरा एडका. त्याआधी आमच्या दारावर काय होतं? खिळा. कातडं वाळत घालायचा.

ईस्टरआधीचे उपासाचे दिवस होते. अंडी बंद, लोणी बंद, मांसाचं तर नाव नको. रोज तेच खारवलेले मासे आणि वाटाणे खाऊन माणसाचा स्वभाव बिघडतो, आणि माझा मुळातच काही गोड नाही. एल्सी, माझी मोलकरीण, भट्टीवरून पाव घेऊन आली ती दारातच घुटमळली.

"बाई, सांगू की नको असं झालंय."

"मग नको सांगूस. मी भिंतीला विचारते."

"चिताऱ्याकडची पोरगी भट्टीवर भेटली होती. म्हणाली, श्पोररसाहेबांच्या बखरीत आपला एडका काढलाय."

"काढणारच. बखर शहराची, झेंडा शहराचा, आणि तो आणला कोणी?"

"तसं नाही बाई." तिनं पाव खाली ठेवले. "उलटा काढलाय म्हणे. तोंड फिरवलेला."

माझ्या हातातली सुरी तशीच राहिली.

बखरीचं काय आहे, मूळ बखर नगरसभेच्या पेटीत कुलपात असते. पण मोठ्या घरांना आपापली प्रत हवी असते, चित्रांसकट. ज्याच्या घरी बखर तो जुन्या घराण्यातला, मग त्याचा आजा घोड्याला नाल ठोकत का असेना. आणि चित्रात कोणाचा घोडा पुढे, कोणाच्या टोपीला पीस, कोण झुडपाआड उभा, यावर बायका वर्षभर बोलतात. पुरुष बोलत नाहीत. त्यांना ते फक्त मत देताना आठवतं. गिल्गियानची प्रत मास्टर यॉस या चिताऱ्याकडे तयार होत होती, आणि उपासाच्या मधल्या रविवारी तिचं पहिलं वाचन त्याच्याच घरी ठरलं होतं. मत देणारे सगळे त्या दिवशी तिथं जेवणार होते. आम्हालाही बोलावणं होतं.

झेंड्यावरचा प्राणी काठीकडे, म्हणजे डावीकडे बघतो आणि ढालीवरचाही तसाच, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. झेंडा पुढे निघाला की प्राणीही पुढे बघतो. तो उलटा काढला तर त्याचा अर्थ एकच: शत्रूला पाठ दाखवली. एका खेड्याचं अस्वल कोणा चिताऱ्यानं असं उलटं काढलं होतं, तर त्या खेड्यातले लोक कुऱ्हाडी घेऊन आले होते.

संध्याकाळी बेंडिख्ट जेवायला बसला. मी त्याच्या बाहीकडे बघितलं.

"कुठं होतास?"

"नदीवर."

"नदीला निळा रंग कधीपासून यायला लागला?"

त्यानं बाही टेबलाखाली ओढली आणि हसला. हसणं बापाचं, खोटं न जमणंही बापाचंच. "आई, तू ना, मासा खाताना काटा मोजणारी आहेस."

"काटा घशात अडकला की मग मोजून काय करू?"

तो वाटाणे चिवडायला लागला. मग म्हणाला, "आई, समज, एखाद्यानं काहीतरी ठरवलं आणि घरी जरा उशिरा सांगितलं, तर घरच्यांनी रागवायचं का?"

"काय ठरवलं त्यावर आहे."

"चांगलंच काहीतरी."

"चांगलं असतं तर उशिरा कशाला सांगितलं असतं?"

"जाऊ दे," तो म्हणाला आणि मासा खायला लागला. शिट्टी वाजवत उठला. उपासाच्या दिवसांत शिट्टी! मनात पाल चुकचुकली ती तेव्हाच. गिल्गियानचा पुतण्याही त्याच बाकासाठी उभा राहणार अशी कुजबुज होती, आणि माझा भोळा पोरगा त्याच गिल्गियानच्या चिताऱ्याकडे जाऊन बाह्या रंगवून येत होता. पाणी कुठंतरी मुरत होतं.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी एवढी का पेटले ते कळायचं नाही. शहराला ठाऊक आहे ते असं: लढाई हरल्यावर वाचलेली माणसं पहाटे वेशीशी आली. रक्तानं माखलेली, काही एकमेकांच्या खांद्यावर. झेंडा गेला म्हणून बायका छाती पिटत होत्या. तेवढ्यात नदीच्या अंगानं थ्यूरिंग आला, ओलाचिंब, झेंडा पोटाशी गुंडाळलेला. लोकांनी त्याला उचलून घेतलं. त्यानं झेंडा घेऊन नदी पोहून पार केली असं कोणीतरी म्हणालं आणि तेच बखरीत गेलं.

मला ठाऊक आहे ते असं: आदल्या संध्याकाळी, लढाई अजून चालू होती तेव्हाच, थ्यूरिंग आमच्या कारखान्यात चुन्याच्या हौदामागे बसला होता. कारखाना वेशीबाहेर नदीकाठी, म्हणून कोणाच्या नजरेस पडला नाही. ड्यूकचे घोडेस्वार टेकडीवर नुसते दिसले आणि हा पळाला. "क्युंगोल्ट," तो मला म्हणाला, "मी पळालो गं. झेंडा हातात होता म्हणून तोही वाचला." पहाटे मीच त्याच्या अंगावर बादलीभर पाणी ओतलं आणि म्हटलं, जा. मला त्याची लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. मला तो जिवंत हवा होता. पण त्यानंतर या शहरात कोणी कुजबुजलं की मला वाटायचं, हेच बोलताहेत.

तर, एडका उलटा. म्हणजे कोणाला तरी कळलं होतं.

ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी रीत नाही, पण दुसऱ्या दिवशी मी लपवलं. अंड्यांची टोपली घेतली आणि मास्टर यॉसकडे गेले. उपासात कोंबड्या थांबत नाहीत, खाणारे थांबतात. आणि शहरात अंडी घेणारा तो एकटा. पांढऱ्यात रंग कालवतो म्हणतो. बलकाचं काय करतो, ते त्याच्या पाद्र्याला माहीत. माणूस परमुलखातला, श्वाबेनकडचा. बोलतो त्यातलं निम्मं मिशीतच राहतं.

मी आत पाऊल टाकलं मात्र, त्यानं समोरच्या पानावर फडकं टाकलं.

"बाईसाहेब! तुम्ही स्वतः?"

"का? एल्सीनं आणली तर जास्त पांढरं निघतं?"

"नाही, नाही. बसा ना." बसायला जागा नव्हती. सगळीकडे शिंपल्यांत रंग आणि खारीच्या शेपटीचे कुंचले. तो टोपली घेऊन मागच्या खोलीत गेला, अंडी गार पाण्यात ठेवायला. मी फडकं उचललं.

सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. वर वेलबुट्टी, तिच्यात बारके पक्षी. खाली दोन ढाली, शेजारी शेजारी. डावीकडच्या ढालीवर आमचा एडका. आमच्या दारावर, शिक्क्यावर, थ्यूरिंगच्या कबरीवर तो डावीकडे बघतो. इथं तो उजवीकडे बघत होता. नुसती मान नव्हे, सबंध एडका फिरवलेला. आणि उजवीकडची ढाल कोरी. नुसतं चर्मपत्र.

कोरी का? ती मी लगेच मनात भरून टाकली. ड्यूकचा सिंह येणार तिथं. जिंकलेल्या सिंहाशेजारी तोंड फिरवलेला पळपुटा, असा माझा नवरा पहिल्याच पानावर, मत देणाऱ्यांच्या नाकासमोर! मी फडकं मुठीत आवळलं. रागानं की भीतीनं, तेव्हा कळलं नाही. भीतीच होती.

"ते बघायचं नव्हतं, बाईसाहेब," मागून मास्टर यॉस म्हणाला.

"हा उलटा का?"

"इथं तो तसाच असतो."

"इथं म्हणजे कुठं?"

"या पानावर." त्यानं मिशी चावली. "मला बोलायची बंदी आहे. शपथ घेतलीय."

"कोणाला दिलास शब्द?"

"श्पोररसाहेबांना. आणि... तुमच्या चिरंजीवांना."

"बेंडिख्टनं हे बघितलंय?"

"परवाच. फार आवडलं त्यांना. निळा अजून गडद करा म्हणाले. स्वतःच शिंपला धरला होता हातात."

माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं, म्हणजे मला वाटलं उजाडलं. गिल्गियाननं त्याच्याशी सौदा केला होता. बाक हवा असेल तर बापाची बदनामी गिळ, पुतण्याला मी बसवतो खाली. आणि माझ्या गाढवानं गिळली, वर निळा गडद करा म्हणाला! आता माझ्या हातात एकच गोष्ट होती. मी शालीखालून हात बाहेर काढावा तसं खोटं बाहेर काढलं.

"त्यानंच पाठवलंय मला. त्याला हे आता नकोय. एडका नेहमीसारखा कर."

मास्टर यॉसचा चेहरा उतरला. "नको म्हणाले? स्वतः?"

"स्वतः."

"पण परवा तर ते इतके..."

"पोरांचं काय घेऊन बसलास. आज एक, उद्या एक."

"बाईसाहेब, रंग भरून झालाय. खरवडावं लागेल."

"चर्मपत्र खरवडलं जातं, हे मला नको शिकवूस. ते वासरू माझ्याच हौदातून गेलंय."

त्यानं कोऱ्या ढालीवर बोट ठेवलं. "मग ही दुसरी ढाल? ती रविवारच्या आधी भरायची होती."

"कोरीच राहू दे."

"आणि श्पोररसाहेबांना कोण सांगणार?"

"कोणी सांगायला नको. पान उघडलं की ज्याला कळायचं त्याला कळेल."

त्यानं छातीवर क्रूस काढला. "ढाल तुमची, मर्जी तुमची," म्हणाला आणि सुरीला धार लावायला घेतली. मी दारातून बाहेर पडताना तो मिशीत काहीतरी पुटपुटला. "बिचारी" असं काहीसं ऐकू आलं. मला वाटलं, मलाच म्हणतोय. मनात म्हटलं, बिचारी असेल तुझी आई.

रविवारी मी ठेवणीतला काळा झगा घातला आणि गल्ली ओलांडली. बेंडिख्टनं केस विंचरले होते, मागचे सुद्धा. मला हसू येत होतं. गिल्गियान श्पोरर, म्हटलं, आज तुझं तोंड बघायचंय मला.

दालनात लांब टेबल मांडलं होतं. माशाची भाजलेली पोळी, बदामाचं दूध, सुकवलेली नासपती, आणि वाइनला तर उपास नसतोच. मत देणारे सगळे आले होते. म्हातारा रुफ माझ्या समोरच बसला होता. त्याचे दोन्ही मुलगे ओढ्याच्या लढाईत गेले, तेव्हापासून तो कुठं फारसा जात नाही. गिल्गियानची मुलगी आपोलोनिया सगळ्यांना वाढत होती. गाल लाल, नजर खाली. माझ्या पुढ्यात नासपती ठेवताना तिनं मला गुडघा वाकवून नमस्कार केला. एवढी अदब? मनात म्हटलं, हिला माहीत आहे. बापानं काय मांडून ठेवलंय ते हिला माहीत आहे, म्हणून हे लाघव.

"या क्युंगोल्टबाई, इथं, माझ्या शेजारी," गिल्गियान म्हणाला. "आजच्या दिवशी तुमची जागा इथंच."

"माझी जागा मला दिसते कुठं आहे ते," मी म्हटलं.

"बघा, बघा," तो हसला, "आमच्या समोरची तोफ. रोज सकाळी खिडकी उघडली की सलामी."

लोक हसले. त्याला फार आनंद झालेला दिसत होता. तो आनंद मला बोचत होता.

बखर त्याच सकाळी बांधून आली होती. मखमलीत गुंडाळून मेजावर ठेवलेली, अजून कोणी न उघडलेली. गिल्गियान उभा राहिला. "वाचन नंतर," म्हणाला. "आधी पहिलं पान. हे पुस्तक मी माझ्यासाठी केलेलं नाही. कोणासाठी केलंय, ते पानच सांगेल." त्यानं मेहुण्याला खूण केली. कारकुनानं मखमल काढली, पितळी आकडे सोडवले, पान उघडलं आणि पुस्तक उभं धरून सगळ्यांकडे फिरवलं.

एडका डावीकडे बघत होता. ताठ, शिंगं बाहेर. छान काढला होता. शेजारी कोरी ढाल.

गिल्गियानचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. आपोलोनियाच्या हातातला वाडगा खाली आला आणि बदामाचं दूध टेबलावर पसरलं. मी बेंडिख्टकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता.

"बेंडिख्ट," गिल्गियान हळू म्हणाला, "तुला माझी पोरगी नको होती तर तोंडानं सांगायचं होतंस. माझ्या दारात येऊन सांगायचं होतंस. असं चारचौघांत, चित्रातून?"

"मी... मी नाही सांगितलं असं! मी बघितलं तेव्हा तो तिच्याकडेच बघत होता!"

पोरगी? मला काही कळेना. "कोणाकडे बघत होता?" मी विचारलं.

गिल्गियान माझ्याकडे वळला. आवाज थंड. "तुमच्याकडे ढाल नवी, म्हणून सांगतो. लग्नात द्यायच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन ढाली असतात. डावीकडे नवऱ्याची, उजवीकडे नवरीची. नवऱ्याचा प्राणी फिरवून नवरीकडे तोंड करून काढायचा, ही अदब. तो नेहमीसारखा ठेवला तर त्याची नवरीला पाठ होते. आणि नवरीची ढाल कोरी ठेवली, तर त्याचा अर्थ काय, तो आंधळ्यालाही कळतो."

आपोलोनिया तोंड झाकून दाराकडे निघाली. बेंडिख्ट तिच्यामागे धावला, तर कारकून मध्ये उभा राहिला.

"चिताऱ्याला बोलवा!" बेंडिख्ट ओरडला. "त्यालाच विचारा!"

मास्टर यॉस खालच्या टोकाला बसला होता. त्याला बोलवावं लागलं नाही. तो उठला, टोपी हातात चुरगाळत म्हणाला, "मला निरोप आला. चिरंजीवांना नको म्हणून. बाईसाहेब स्वतः आल्या होत्या."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

मी खोटं बोलू शकत होते. परमुलखातला चितारी, उपासात बलक खाणारा. माझ्या शब्दापुढे त्याचा शब्द टिकला नसता. त्याला संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर काढलं असतं. तोंड उघडलंही मी त्यासाठीच. पण बेंडिख्ट माझ्याकडे बघत होता. लहानपणी पडला की जसा बघायचा, आता आई उचलेल म्हणून, तसा.

"मीच फिरवायला लावला," मी म्हटलं. "बेंडिख्टला यातलं काही माहीत नाही. निरोपही माझाच, खोटा. मला ही लग्नाची रीत ठाऊक नव्हती. कातडीवाल्यांकडे कुठल्या आल्या ढाली! आणि तुम्ही सगळे माझ्यापासून लपवत होता. मेहुणे झग्याखाली पानं नेतात, चितारी फडकी टाकतो, माझं पोर माझ्याशी खोटं बोलतं! मी काय समजायचं? एडका उलटा म्हटल्यावर मला वाटलं, तुम्ही थ्यूरिंगला पळताना दाखवताय!"

मग गिल्गियानच्या पोटातून हसू आलं, आणि ते आवरेचना. "अरे देवा! म्हणजे पोरानं तोंड फिरवलं नाही! आईनं फिरवलं!" टेबलाभोवती सगळे हसायला लागले. कोणी बेंडिख्टच्या पाठीवर थाप मारली. आपोलोनिया दारातच रडत हसत उभी राहिली आणि बेंडिख्टनं सगळ्यांदेखत तिचा हात धरला. मास्टर यॉसनं कोणाचा तरी पेला उचलून रिकामा केला. मीही हसले. जीव भांड्यात पडला म्हणतात तसा पडला. वाटलं, सुटले.

"सुतावरून स्वर्ग गाठलात की हो, क्युंगोल्टबाई!" गिल्गियान डोळे पुसत म्हणाला. "अहो, म्हणतात ना, चोराच्या मनात—"

आणि तो थांबला.

म्हण सगळ्यांना येते. पुढचं चांदणं कोणी म्हटलं नाही. हसू एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं.

म्हातारा रुफ हसला नव्हताच. त्यानं हातातला पाव खाली ठेवला. "बाई," तो म्हणाला, "पळताना म्हणजे? थ्यूरिंग पळाला असं कोण म्हणतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मीही कधी ऐकलं नाही. इतकी वर्षं झाली. माझी पोरं त्या झेंड्याखाली गेली, मी ऐकलं असतं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो खरंच विचारत होता. "मग तुमच्या मनात ते आलं कुठून?"

सांगण्यासारखं शंभर होतं. बायकांच्या जिभा, विधवेचं मन, उपासाचे मासे. यातलं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. रोज एकाला चार शब्द ऐकवणारी मी, माझ्या तोंडातून एक शब्द फुटेना. आणि मी जेवढी गप्प राहिले तेवढं ते खरं होत गेलं. कारकुनानं बखर हळूच मिटली. गिल्गियान टेबलावर सांडलेल्या दुधाकडे बघत होता. मत देणारे एकमेकांकडे बघत नव्हते, ते सगळ्यात वाईट होतं.

"आई," बेंडिख्ट म्हणाला. आपोलोनियाचा हात त्यानं सोडला होता. "लढाईच्या संध्याकाळी मी कारखान्यात आलो होतो तुला शोधत. हौदामागे कोणीतरी रडत होतं. तू मला दारातूनच परत फिरवलंस. म्हणालीस, वासरू अडकलंय."

"हो," मी म्हटलं.

"वासरूच होतं ना?"

"वासरूच होतं."

त्यानं मान हलवली. त्याचा विश्वास बसला नाही, आणि तो बसला नाही हे त्या दालनातल्या सगळ्यांनी बघितलं.